कामाच्या जागी सुरक्षा आणि आरोग्य व्यवस्था: उभारणी आणि सांभाळ

एखाद्या कामाच्या ठिकाणी सुरक्षेची व्यवस्था खरोखर चालू आहे की नाही हे पाहायला गेलो, की मी फायली नंतर उघडतो. आधी प्रत्यक्ष काम करणाऱ्या दोघा-तिघांना विचारतो: गेल्या महिन्यात तुम्हाला कोणती गोष्ट धोक्याची वाटली, ती कोणाला सांगितली आणि पुढे तिचे काय झाले? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा मिळतात. तिसऱ्या प्रश्नाला माणसे एकमेकांकडे पाहू लागली, तर तिथली व्यवस्था कागदावर आहे असे खुशाल समजावे. धोक्याची बातमी खालून वर विनाअडथळा जाणे आणि ठरलेल्या मुदतीत तिचे उत्तर खाली येणे, या एका गोष्टीवर बाकीचे सगळे उभे असते. धोरण, जोखीम नोंदवही, परवाने, प्रशिक्षण, ऑडिट ही सगळी या येण्याजाण्याची साधने आहेत आणि त्याच दृष्टीने ती पुढे मांडली आहेत.

व्यवस्थेचा सांगाडा आपण नव्याने शोधून काढण्याची गरज नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००१ मध्ये याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि मार्च २०१८ मध्ये आयएसओ ४५००१ हे मानक आले, ज्याने आधीच्या ओएचएसएएस १८००१ ची जागा घेतली. या मानकात दहा प्रकरणे असून प्रत्यक्ष अपेक्षा चौथ्या प्रकरणापासून सुरू होतात: संस्थेची परिस्थिती समजून घेणे, नेतृत्व आणि कामगारांचा सहभाग, नियोजन, लागणारे पाठबळ, प्रत्यक्ष कामकाज, कामगिरीची तपासणी आणि सुधारणा. यामागे योजना, अंमल, तपासणी आणि दुरुस्ती हे जुनेच चक्र आहे. प्रमाणपत्र घ्यायचे की नाही हे आपल्या हातात असते. आपल्या उद्योगाला लागू असलेला कायदा पाळायचा की नाही हे मात्र आपल्या हातात नसते. म्हणून अगदी पहिले काम म्हणजे लागू कायदे, नियम, परवाने आणि ठरावीक मुदतीच्या तपासण्या यांची एक यादी करणे, आणि प्रत्येक बाबीसमोर जबाबदार व्यक्तीचे पद व पुढची तारीख लिहिणे. जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने सुरक्षित आणि आरोग्यदायी कामाच्या वातावरणाचा समावेश कामगारांच्या मूलभूत तत्त्वे व हक्कांत केला. सुरक्षा ही मालकाने दाखवलेली मेहेरबानी आहे असे अजूनही ज्यांना वाटते, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

वरचा माणूस आणि त्याचा वेळ

सुरक्षा अधिकारी नेमला म्हणजे सुरक्षेची जबाबदारी त्याच्याकडे गेली, हा समज मोडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सुरक्षा अधिकारी सल्ला देतो, तपासतो, शिकवतो. पण काम कसे, किती वेळात आणि किती माणसांत करायचे हे ज्याच्या हातात असते, त्या पर्यवेक्षकाची, विभागप्रमुखाची आणि शेवटी संस्थेच्या प्रमुखाची ती जबाबदारी असते. ज्याच्याकडे पैसे आणि वेळ वाटण्याचा अधिकार आहे, त्याच्याकडेच सुरक्षा असली पाहिजे.

पॉल ओनील हे १९८७ मध्ये अल्कोआ या अमेरिकी अॅल्युमिनियम कंपनीचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांनी गुंतवणूकदारांसमोरच्या आपल्या पहिल्या भाषणात नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षेविषयी बोलणे पसंत केले. पुढे त्यांनी असा दंडक घातला, की कुठेही कोणाला दुखापत झाली तर त्या विभागाच्या प्रमुखाने चोवीस तासांच्या आत त्यांना कळवावे आणि ती पुन्हा होऊ नये यासाठी काय करणार हेही सांगावे. या एका दंडकाचा परिणाम पाहण्यासारखा आहे. चोवीस तासांत उत्तर द्यायचे असेल तर विभागप्रमुखाला फोरमनकडून त्याच दिवशी कळले पाहिजे, आणि फोरमनला ते कामगाराकडून लगेच कळले पाहिजे. म्हणजे खालून वर जाणारी वाट आपोआप मोकळी करावी लागते.

सुरक्षा धोरण एका पानात मावले पाहिजे. त्यावर प्रमुखाची सही आणि तारीख असावी, ते कामगारांना समजणाऱ्या भाषेत असावे आणि त्यात दोन वाक्ये नि:संदिग्धपणे लिहिलेली असावीत: जिवाला धोका वाटल्यास काम थांबवण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, आणि धोका कळवल्याबद्दल किंवा काम थांबवल्याबद्दल कोणावरही कारवाई होणार नाही. दुसरे वाक्य लिहायला सोपे आणि पाळायला अवघड आहे. काम थांबवणाऱ्याला पुढच्याच आठवड्यात गैरसोयीच्या पाळीवर टाकले, तर धोरणाचे ते पान भिंतीवर राहते, पण ते पुन्हा कोणी वाचत नाही.

सुरक्षा समितीत व्यवस्थापनाइतकेच कामगारांचे प्रतिनिधी असावेत आणि ते कामगारांनीच निवडलेले असावेत. रात्रपाळी, साफसफाई आणि कंत्राटी कामगार यांचाही आवाज तिथे पोहोचला पाहिजे, कारण सर्वांत धोक्याची कामे बहुधा त्यांच्याच वाट्याला येतात. बैठकीचे इतिवृत्त चोवीस तासांत सूचना फलकावर लागावे, आणि त्यात कोणत्या मुद्द्याचे काम कोणाकडे व कधीपर्यंत हे लिहिलेले असावे.

धोके शोधताना

धोका आणि जोखीम हे दोन शब्द वेगळे ठेवावेत. इजा करू शकणारी गोष्ट म्हणजे धोका: उंची, वीज, फिरणारा रोलर, आम्ल. तो धोका किती जणांना, किती वेळा आणि किती गंभीर इजा करण्याची शक्यता आहे, याचा अंदाज म्हणजे जोखीम. धोका शोधावा लागतो. जोखीम ठरवावी लागते.

शोध टेबलावर बसून होत नाही. विभागाचा पर्यवेक्षक, तिथे काम करणारा अनुभवी कामगार, देखभाल विभागाचा एक जण आणि बाहेरच्या विभागातला एक जण असे चौघे एकत्र फिरावेत. बाहेरचा माणूस मुद्दाम घ्यावा, कारण रोजच्या माणसाच्या डोळ्यांना उघडी तार आणि तेलकट पायरी दिसेनाशी होते. प्रत्येक काम पायरी-पायरीने पाहावे आणि नेहमीच्या कामांइतकाच वेळ अधूनमधून होणाऱ्या कामांना द्यावा: साफसफाई, अडकलेला माल काढणे, ब्रेकडाउन, साचा बदलणे, माल उतरवणे, दीर्घ सुटीनंतर यंत्र पहिल्यांदा सुरू करणे.

माल वाहून नेणाऱ्या एखाद्या पट्ट्याचे उदाहरण घेऊ. त्याच्या मागच्या रोलरवर माल चिकटतो. लिखित कार्यपद्धतीनुसार पट्टा थांबवून साफ करायचा. पण थांबवण्याचे बटण वीस पावलांवर आहे, पट्टा पुन्हा सुरू करायला नियंत्रण कक्षाला फोन करावा लागतो, आणि पट्टा थांबला की पुढची दोन यंत्रे रिकामी पडतात. म्हणून साफ करणारा माणूस हातात सळई घेऊन चालत्या पट्ट्यावरच माल खरवडतो. जवळ जाऊन पाहिले तर सगळे दिसते: सळईचे टोक घासून चकाकलेले आहे, रोलरवरच्या जाळीचा एक बोल्ट नाही, आणि उरलेल्या तीन बोल्टांची डोकी सतत पाना लावून झिजून गोल झाली आहेत. ही जाळी रोज उघडली जाते, हे त्या बोल्टांनी सांगितलेले असते. कार्यपद्धतीच्या कागदावर मात्र सर्व ठीक असते.

अशा वेळी त्या माणसाला नोटीस देणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी मार्ग आहे. त्याने नियम मोडला हे खरे. पण नियम पाळून दिलेले काम दिलेल्या वेळात होत नव्हते, हेही तितकेच खरे. लिहिलेले काम आणि होणारे काम यांच्यातले अंतर मोजणे हाच धोके शोधण्याचा गाभा आहे, आणि ते अंतर कळण्यासाठी काम करणाऱ्याने मोकळेपणाने बोलले पाहिजे. म्हणून फेरीत प्रश्न असा विचारावा: “हे काम तुम्ही नेहमी कसे करता, आणि घाईत असताना कसे करता?” उत्तर ऐकताना कोणीही भुवया उंचावू नयेत.

जोखीम ठरवताना बहुतेक ठिकाणी शक्यतेला एक ते पाच आणि गंभीरतेला एक ते पाच गुण देऊन त्यांचा गुणाकार करतात. प्राधान्य लावायला ही पद्धत चालते, पण तिचा एक दोष ध्यानात ठेवावा. रोज होणारे किरकोळ खरचटणे म्हणजे पाच गुणिले एक, आणि क्वचित होणारा मृत्यू म्हणजे एक गुणिले पाच. दोन्हींचे उत्तर पाचच येते. म्हणून जिथे गंभीरता मृत्यूची किंवा कायमच्या अपंगत्वाची आहे, ती कामे गुणाकार कितीही लहान आला तरी वेगळ्या यादीत घ्यावीत आणि त्यांच्यावरचे नियंत्रण स्वतंत्रपणे तपासावे. आकडा मर्यादेखाली बसवण्यासाठी शक्यतेचा गुण मागाहून कमी केलेला दिसला, तर ती नोंद पुन्हा करायला लावावी.

उपाय निवडण्याचा क्रम

उपायांचा क्रम जगभर मान्य आहे: आधी धोका मुळातून नाहीसा करणे, ते जमत नसेल तर कमी धोक्याचा पर्याय वापरणे, मग यांत्रिक उपाय, मग कार्यपद्धती, प्रशिक्षण, सूचना आणि कामाच्या पाळ्या, आणि सर्वांत शेवटी वैयक्तिक सुरक्षा साधने. हा क्रम असाच का, हे समजून घेतले तर तो पाठ करावा लागत नाही. वरचे उपाय माणसाचे लक्ष, थकवा आणि घाई यांवर अवलंबून नसतात; खालचे असतात. हेल्मेट, हातमोजे, गॉगल, हार्नेस आवश्यकच आहेत, पण बाकीचे सगळे चुकल्यानंतर उरलेला शेवटचा आडोसा म्हणून.

वरच्या पट्ट्याला हाच क्रम लावून पाहू. माल रोलरवर चिकटूच नये म्हणून पट्ट्यावर स्क्रॅपर, म्हणजे माल खरवडून काढणारी पाती, बसवता येतो. हा मुळावरचा उपाय. जाळी न उघडता बाहेरूनच साफ करता येईल अशी तिची रचना बदलता येते. पट्ट्याच्या कडेने ओढदोरीचा आपत्कालीन स्विच लावता येतो, म्हणजे थांबवायला वीस पावले जावे लागत नाही. त्यानंतर साफसफाईची वेळ पाळी बदलण्याच्या वेळेला जोडता येते. हातमोज्यांचा विचार इथे उलट करावा लागतो, कारण फिरत्या रोलरपाशी हातमोजा हात वाचवत नाही, तो हाताला आत ओढतो. साधने सरसकट वाटण्याआधी ती त्या कामाला योग्य आहेत का हे पाहावे, ते यासाठीच.

प्रत्येक उपायासमोर तो करणाऱ्याचे पद, मुदत आणि मुदत संपेपर्यंतची तात्पुरती व्यवस्था लिहावी. कायमचा उपाय व्हायला तीन महिने लागणार असतील, तर आज संध्याकाळच्या पाळीने काय करायचे हे आजच ठरले पाहिजे. ही तिसरी नोंद मला बहुतेक नोंदवह्यांत रिकामी दिसते, आणि अपघात नेमका त्या तीन महिन्यांत होऊ शकतो.

जिथे चूक सुधारायला वेळ मिळत नाही

काही कामांना सामान्य कार्यपद्धती पुरत नाही. त्यांना लेखी परवाना लागतो. बंदिस्त जागेत उतरणे, उंचीवरचे काम, वेल्डिंग आणि कटिंग, खोदकाम, विजेचे काम आणि यंत्राच्या आत हात घालावा लागणारी दुरुस्ती ही त्यांतली मुख्य.

दुरुस्तीच्या वेळी लॉकआउट-टॅगआउट, म्हणजे यंत्राची ऊर्जा तोडून त्यावर कुलूप आणि सूचनेची पट्टी लावण्याची पद्धत, पाळताना फक्त स्विच बंद करून भागत नाही. वीज तोडल्यावरही यंत्रात ऊर्जा साठलेली असते: ताणलेली स्प्रिंग, हायड्रॉलिक दाब, पाइपातली वाफ, कपॅसिटर, वर अडकून राहिलेले वजन. ती सोडवावी किंवा अडवावी लागते. दुरुस्तीवर असलेल्या प्रत्येकाने स्वतःचे कुलूप लावावे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी; पाच जण काम करत असतील तर पाच कुलपे. शेवटी यंत्र सुरू करण्याचे बटण दाबून ते खरोखर सुरू होत नाही याची खात्री करावी. ही शेवटची पायरी पाच सेकंदांची आहे आणि सर्वांत जास्त वेळा तीच गाळली जाते.

टाकी, मॅनहोल, सायलो यांसारख्या बंदिस्त जागेत उतरण्याआधी हवा मोजलीच पाहिजे, आणि ती वर, मध्ये व तळाशी अशा तीन पातळ्यांवर, कारण मिथेन वर साचतो तर हायड्रोजन सल्फाइड तळाशी. साध्या हवेत ऑक्सिजन सुमारे २०.९ टक्के असतो, तो १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर आत जाऊ देऊ नये, आणि २३.५ टक्क्यांच्या वर असेल तर आगीचा धोका वाढतो. नाकावर विसंबणे जिवावर बेतते. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, आणि हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण सुमारे १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) पुढे गेले की वास घेण्याची शक्तीच बधिर होते, त्यामुळे वास गेला म्हणजे वायू गेला असे वाटते. अशा अपघातांत मरणाऱ्यांत पहिल्या माणसाला वाचवायला तयारीविना उतरलेल्यांचा वाटा फार मोठा असतो. म्हणून बाहेर उभ्या राहणाऱ्या पहारेकऱ्याला सर्वांत आधी शिकवायचे ते हे, की आत उतरायचे नाही. मदत बोलवायची आणि बाहेरूनच, आधी लावून ठेवलेल्या तिपाई व विंचने (दोर गुंडाळून वजन ओढणाऱ्या साधनाने) माणूस वर ओढायचा. हे ऐकायला कठोर वाटते, पण एका घरातला माणूस संकटात असताना दुसऱ्या घरातलाही गमवायचा नसेल तर दुसरा मार्ग नाही.

परवाना म्हणजे सह्यांचा कागद नव्हे. तो एका पाळीने दुसऱ्या पाळीला दिलेला निरोप आहे. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू फलाटावर स्फोट आणि आग होऊन १६७ माणसे गेली. त्या दिवशी एका पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि त्याच्या जागी केवळ एक झाकण बसवलेले होते. पंपाच्या देखभालीचा परवाना वेगळा होता आणि व्हॉल्व्हचा वेगळा. रात्री दुसरा पंप बंद पडल्यावर पाळीवरच्या लोकांनी हा पंप सुरू केला. व्हॉल्व्ह जागेवर नाही हे त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. म्हणून एकाच यंत्रावरचे सर्व परवाने एकत्र, त्या यंत्राच्या नावाखाली लावावेत, अपुरे राहिलेले काम फलकावर ठळक दिसावे, आणि पाळी बदलताना जाणाऱ्याने व येणाऱ्याने समोरासमोर, शक्य असेल तर यंत्रापाशी उभे राहून बोलावे.

बदल झाला की पुन्हा विचार

व्यवस्था उभी राहिल्यानंतर तिला सर्वांत जास्त तडे बदलामुळे जातात: नवे यंत्र, नवा कच्चा माल, कमी केलेली माणसे, तात्पुरती जोडलेली नळी. इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरो येथील रसायन कारखान्यात १ जून १९७४ रोजी झालेल्या स्फोटात २८ जणांचा मृत्यू झाला. तिथे ओळीने असलेल्या रिअॅक्टरांपैकी (रासायनिक प्रक्रियेच्या टाक्यांपैकी) पाचव्याला चीर गेल्यामुळे तो काढून चौथा आणि सहावा यांना एका वळणाच्या तात्पुरत्या पाइपाने जोडले होते. त्या पाइपाचा रीतसर आराखडा आणि ताणाचे गणित झालेले नव्हते. उत्पादन लवकर सुरू व्हावे ही इच्छा समजण्यासारखी आहे. पण हा बदल यंत्रणेला पेलेल का, हा प्रश्न रीतसर विचारलाच गेला नाही. 

म्हणून बदलासाठी एक छोटा अर्ज ठेवावा आणि तात्पुरत्या बदलांना तो अधिक काटेकोरपणे लावावा. काय बदलते, का बदलते, कोणते नवे धोके येतात, कोणी तपासले, कोणाला शिकवले, आणि तात्पुरता असेल तर कोणत्या तारखेला काढणार, एवढे त्यात असले की पुरे. ठेकेदाराची माणसे आत येणे हाही एक बदलच आहे. निविदेतच सुरक्षेच्या अटी आणि त्यासाठीचा खर्च वेगळा दाखवावा, नाहीतर सर्वांत कमी दर देणारा ठेकेदार तो दर नेमका सुरक्षेतून वाचवतो. एकाच जागी दोन ठेकेदार काम करत असतील, तर वर वेल्डिंग करणाऱ्याला खाली रंग लावणारा आहे हे माहीत करून देण्याची जबाबदारी आपली.

टळलेला अपघात

वरून पाना पडला आणि कोणाला लागला नाही. फोर्कलिफ्टचा काटा माणसाच्या जवळून गेला. यांना थोडक्यात टळलेले अपघात म्हणतात, आणि धोक्याची सर्वांत स्वस्त बातमी तीच. अमेरिकी सुरक्षा तज्ज्ञ हर्बर्ट हाइनरिक यांनी १९३१ मध्ये मांडलेले प्रमाण, एका गंभीर अपघातामागे २९ किरकोळ इजा आणि ३०० इजा न झालेले प्रसंग, अनेक ठिकाणी भिंतीवर लावलेले असते. हे आकडे सर्वत्र जसेच्या तसे लागू पडतात असे मानू नये आणि किरकोळ इजा कमी झाल्या म्हणजे मृत्यूही टळतील असा निष्कर्ष तर मुळीच काढू नये. उपयोगी भाग एवढाच, की टळलेला प्रसंग आणि झालेला अपघात यांची कारणे पुष्कळदा एकच असतात.

कळवणे अगदी सोपे ठेवावे: तीन ओळींची चिठ्ठी, फोनवरचा संदेश किंवा फोरमनला तोंडी सांगणे, तिन्ही चालले पाहिजे. नाव लिहिण्याची सक्ती नसावी. दर महिन्याला प्रत्येक विभागाने अमुक इतक्या नोंदी द्याव्यात असे लक्ष्य ठेवू नये. महिन्याच्या शेवटच्या दिवशी खुर्चीचा पाय हलतो अशा नोंदींचा गठ्ठा येतो आणि त्याखाली खरी नोंद दबते. दोन दिवसांत कळवणाऱ्याला काय केले किंवा का केले नाही हे सांगावे. “करता येणार नाही, कारण अमुक” हेही उत्तरच आहे. मौन हे उत्तर नाही.

चौकशी करताना “निष्काळजीपणा” या शब्दावर थांबू नये. माणूस घसरला, कारण तेल सांडले होते. तेल सांडले, कारण सील गळत होते. सील बदलले नव्हते, कारण सुटा भाग मागवण्याची मंजुरी सात आठवडे अडकली होती. दुरुस्ती त्या मंजुरीच्या जागी हवी. माणसाला सावधगिरीचा सल्ला देऊन फाईल बंद केली, तर पुढच्या पाळीला तिथे दुसरा माणूस असतो आणि तेल तेच असते.

हळूहळू होणारी इजा

या व्यवस्थेच्या नावात आरोग्य हा शब्दही आहे, आणि तो सहज विसरला जातो, कारण ऐकू न येणे किंवा फुप्फुसे निकामी होणे एका दिवसात घडत नाही. अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामगारांच्या सुरक्षा-आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेची शिफारस अशी, की आठ तासांच्या कामात आवाजाची सरासरी ८५ डेसिबलच्या आत असावी, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला सुरक्षित वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ डेसिबलला चार तास, ९१ ला दोन. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर मोजमाप करून घ्यायची वेळ झाली आहे. दगड, वाळू, काँक्रीट यांच्या बारीक धुळीतल्या सिलिकामुळे होणारा सिलिकोसिस बरा होत नाही. तिथे पाणी मारून धूळ बसवणे किंवा ती जिथे उठते तिथेच ओढून घेणे हे मास्कच्या आधीचे उपाय आहेत. कामाचा ताण, सततच्या जादा पाळ्या आणि छळ यांचाही विचार याच व्यवस्थेत करावा. २०२१ मध्ये आलेल्या आयएसओ ४५००३ मध्ये मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शन आहे. वैद्यकीय तपासणीचे वैयक्तिक निष्कर्ष गोपनीय राहतील हे आधीच सांगावे, म्हणजे नोकरी जाईल या भीतीने कोणी खोकला लपवणार नाही.

प्रशिक्षण आणि आणीबाणीची तयारी

प्रशिक्षण झाल्याचा पुरावा हजेरीपटावरची सही नसून त्या माणसाने ते काम समोर करून दाखवणे हा आहे. हार्नेस वाटल्यावर तो घालायला लावावा, पट्टे ओढून पाहावेत आणि हुक कुठे अडकवणार हे विचारावे. पाळीच्या सुरुवातीची पाच-सात मिनिटांची टूलबॉक्स बैठक त्या दिवशीच्याच कामाबद्दल असावी. नवीन माणसाला पहिले काही आठवडे एखाद्या अनुभवी माणसाच्या जोडीला द्यावे.

आणीबाणीची योजना कागदावर नेहमीच यशस्वी होते, म्हणून मॉक ड्रिल मुद्दाम गैरसोयीच्या वेळी घ्यावी: रात्रपाळीत, जेवणाच्या सुट्टीत, मुख्य दरवाजा बंद आहे असे गृहीत धरून. बाहेर जमलेल्यांची मोजणी किती वेळात झाली, पाहुणे व ठेकेदारांची माणसे मोजली गेली का, हे घड्याळ लावून पाहावे. रसायनांच्या जागी डोळे धुण्याचे नळ सुमारे दहा सेकंदांत पोहोचता येईल इतके जवळ असावेत, त्यातून सलग पंधरा मिनिटे पाणी यावे आणि ते दर आठवड्याला उघडून पाहावेत. आठवड्याची ती तपासणी झाली नाही, तर गरजेच्या वेळी त्यातून आधी गंजाचे पाणी येते.

मोजमाप, ऑडिट आणि आढावा

कामाचे दिवस बुडवणाऱ्या अपघातांचा दर काढताना अशा अपघातांच्या संख्येला दहा लाखांनी गुणून एकूण कामाच्या तासांनी भागतात. पन्नास जणांच्या ठिकाणी वर्षाचे तास सुमारे एक लाख होतात. एक अपघात झाला की दर दहा, नाही झाला की शून्य. अशा लहान ठिकाणी हा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. मोठ्या ठिकाणीही तो फसवू शकतो. २३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतल्या टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन १५ जण मृत्यू पावले आणि १८० जखमी झाले. त्याआधी तिथले वैयक्तिक दुखापतींचे आकडे सुधारत असल्याचे समाधान होते, आणि प्रक्रियेतल्या धोक्यांकडे, बिघडलेल्या पातळीदर्शकांकडे त्या आकड्यांमुळे लक्ष गेले नाही. म्हणून अपघातांबरोबरच पुढचे आकडे ठेवावेत: मुदतीत पूर्ण झालेल्या दुरुस्त्यांचे प्रमाण, कळवलेल्या धोक्याला उत्तर मिळायला लागलेले सरासरी दिवस, बंद अवस्थेत असलेली सुरक्षा उपकरणे आणि ती किती दिवस बंद आहेत. अपघात न झालेल्या दिवसांवर बक्षीस ठेवू नये. त्यामुळे अपघात लपतात.

अंतर्गत ऑडिट करणारा त्याच विभागाचा नसावा. त्याने नोंदी पाहाव्यात, पण प्रत्येक नोंदीसाठी प्रत्यक्ष जागा किंवा प्रत्यक्ष माणूस शोधावा. भोपाळच्या कारखान्यात १९८२ मध्ये कंपनीच्याच तज्ज्ञांनी तपासणी करून सुरक्षेतल्या त्रुटी नोंदवल्या होत्या. तरीही २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती, आणि बाहेर पडणारा वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याकडे जाणाऱ्या पाइपाचा एक भाग दुरुस्तीसाठी काढलेला होता. धोक्याची बातमी वर पोहोचली होती. खाली यायला हवे होते ते उत्तर त्या रात्री जागेवर नव्हते. ऑडिटचा प्रत्येक मुद्दा बंद करताना म्हणूनच फोटो किंवा शेरा पुरेसा मानू नये, दुसऱ्या माणसाने जागेवर जाऊन पाहावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा पाहावे.

सर्वोच्च व्यवस्थापनाचा आढावा वर्षातून किमान एकदा, आणि जोखीम मोठी असेल तर तिमाहीला घ्यावा. बैठकीचा पहिला विषय मागच्या बैठकीतल्या अपूर्ण कामांचा असावा, अभिनंदनाचा नसावा.

लहान ठिकाणी सुरुवात

वीस-पंचवीस माणसांच्या ठिकाणी हे सगळे एकदम करू नये. पहिल्या महिन्यात कायद्यांची यादी, एका पानाचे धोरण आणि सर्वांसोबत एक फेरी. त्या फेरीतून जिवावर बेतणारी तीन-चार कामे वेगळी काढावीत. पुढच्या दोन महिन्यांत फक्त त्याच कामांचे उपाय, परवाने आणि प्रशिक्षण पूर्ण करावे. धोके कळवण्याची वही पहिल्याच दिवशी ठेवावी, पण पहिल्या पाच नोंदींची उत्तरे प्रमुखाने स्वतः, नोंद करणाऱ्याच्या जागी जाऊन द्यावीत. कार्यपद्धती एका पानापेक्षा मोठी झाली तर ती दोन कामांची आहे का ते पाहावे, आणि ती यंत्रापाशी, हाताला लागेल अशा ठिकाणी लावावी. सुरक्षेचे काम पाहणारा माणूस बदलणार असेल, तर नव्या माणसाला फायलींबरोबर वहीतल्या उत्तर न मिळालेल्या नोंदी एकेक करून वाचून दाखवाव्यात, आणि ज्यांनी त्या लिहिल्या त्यांना हे काम आता कोणाकडे आहे ते त्याच दिवशी कळवावे.